तलावावर सहकुटुंब जाताय? आधी पार, तुडूम अन् सलंग समजून घ्या

नवेगावबांध : धानाची कापणी आणि चुरणे आटोपले, पुंजणे उतरले, की गोंदिया-भंडाऱ्याकडच्या घराघरांत तलावावर जायचा एक दिवस ठरतो. शहरातला काका पोराबाळांना घेऊन सुटीत गावी आलेला असतो, आत्या आलेली असते. गाडी ठरते, पहाटेच डबे भरले जातात आणि आठ-दहा माणसं जंगलातल्या एखाद्या तलावाच्या काठावर पोहोचतात. आजूबाजूला साग-ऐनाचं रान, समोर पाणी अन् वर थंडीचं ऊन. वर्षभर शेतात राबलेल्या माणसाला याहून स्वस्त आणि चांगली सुटी मिळायची नाही.

बहुतेक घरांचा हा दिवस आनंदातच जातो. पण दरवर्षी एखाद्या घराचा तसा जात नाही. कोणाचा तरी पाय घसरतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, त्या दोघांसाठी तिसरा. जंगलात जाताना घरचे वाघाची आणि अस्वलाची काळजी करतात, पण सहकुटुंब सहलीत जिवाला खरा धोका असतो तो पाण्याचा. आपण तलावाला नदी-ओढ्यासारखं निसर्गानं दिलेलं पाणी समजतो, ही त्यातली मुख्य अडचण आहे. पूर्व विदर्भातले बहुतेक तलाव निसर्गाचे नाहीत. ते माणसांनी शेतीसाठी बांधले आहेत आणि आजही ते कामावर आहेत. त्यांची रचना कळली की लेकरांनी कुठे खेळावं आणि कुठे पाऊल ठेवू नये, हे आपोआप कळतं.

तलाव बांधला कोणी?

अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगावबांधचा तलाव हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. सुमारे ११ चौरस किलोमीटर पसरलेलं हे पाणी डोंगरांच्या मध्ये आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हे सरोवर पहिल्यापासूनच इथे असणार. पण परंपरा सांगते, की अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांच्या मधल्या फटी मातीच्या बांधाने बुजवल्या आणि पाणी अडवलं. गावाच्या नावातला ‘बांध’ तो हाच. कोलू पाटलांना लोक पुढे कोलासुर म्हणून देवासारखे मानू लागले. तलावाभोवतीच्या टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात.

कोहळी समाजाची ख्यातीच तलाव बांधण्याची. गोंड राजांच्या काळात रान साफ करून वस्ती वसवणाऱ्याला आणि तलाव बांधणाऱ्याला जमिनीचे हक्क मिळत. त्यातून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हजारो तलाव आणि बोड्या उभ्या राहिल्या. पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेलेले हे तलाव, १९५०-५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर, सरकारजमा झाले. म्हणूनच त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा तलाव’ म्हणतात. यातले लहान तलाव आज जिल्हा परिषदेकडे आहेत आणि मोठे पाटबंधारे विभागाकडे.

सहलीला निघालेल्या कुटुंबाने यातून एवढंच लक्षात घ्यायचं, की प्रत्येक मामा तलावाला ठरलेले भाग असतात आणि प्रत्येक भागाला काम असतं. पोहायला, धुवायला किंवा फोटो काढायला म्हणून यातला एकही भाग बांधलेला नाही.

पार : चालायला चांगली, उतरायला वाईट

पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध. वरून रुंद, दोन्ही बाजूंनी उतार, पाण्याच्या बाजूला बहुतेक ठिकाणी दगडांची पिचिंग. वारा असतो, सावली असते आणि दूरवरचं दिसतं, म्हणून माणसं पहिल्यांदा पारीवरच जाऊन बसतात. बसायला हरकत नाही.

पण पाणी सगळ्यात खोल असतं ते पारीच्याच बाजूला. बांध घातला जातो तो जमिनीच्या खालच्या अंगाला, कारण पाणी उताराकडे धावतं. म्हणजे पार जिथे उंच, तिथे पाणी खोल. पलीकडच्या जंगलाच्या बाजूला पाणी उथळ होत होत चिखलात संपतं. पारीवरून दगडावर उतरलेल्या माणसाला दोन पावलांत कमरेएवढं आणि पुढच्या दोन पावलांत डोक्यावर पाणी लागू शकतं. पाण्यातल्या दगडांवर शेवाळ धरलेलं असतं. घसरलेल्याला हाताने पकडावं असं तिथे काहीच नसतं आणि वर चढायला गेलं की पाय पुन्हा खाली येतो.

म्हणून पारीच्या आतल्या उतारावर लेकरांना उतरू देऊ नये. पाय धुवायला, ताट विसळायला किंवा बाटली भरायलासुद्धा नाही. पाणी लागणारच असेल तर मोठ्या माणसाने बादलीला दोरी बांधून वरूनच घ्यावं.

तुडूम : दिसतं शांत, ओढतं जोरात

पारीच्या पोटातून शेताकडे पाणी सोडायची जी मोरी असते तिला आपल्याकडे तुडूम म्हणतात. आता बऱ्याच तलावांवर तिथे लोखंडी गेट आणि चाक बसवलेलं आहे. उन्हाळी धानाला किंवा रब्बीला पाणी हवं असलं की गेट उघडतं आणि पाणी कालव्याने बांध्यांपर्यंत जातं.

गेट उघडं असतं तेव्हा आतल्या बाजूला तोंडाजवळ पाण्याची ओढ तयार होते. वरून पाहिलं तर पाणी जवळजवळ स्थिर दिसतं. फार तर एखादा भोवरा किंवा एकाच दिशेला सरकणारा पालापाचोळा दिसेल. पण खाली ओढ इतकी असते की पोहणारा माणूस तोंडाला चिकटून बसू शकतो. चांगला पोहणाराही तिथून सुटेल याचा भरवसा नाही.

तुडूम ओळखणं सोपं आहे. पारीवर चाकाचा खांब, पाण्यात उतरणारी भिंत किंवा छोटा बुरूज आणि पारीच्या बाहेरच्या अंगाला कालव्याचं तोंड. हे दिसलं की त्याच्या आसपास पाण्यात कोणीच जायचं नाही. गेट आत्ता बंद दिसलं तरी दुपारी उघडणार नाही असं कोणी सांगावं? शेतकरी पाणी घेतो तो त्याच्या गरजेप्रमाणे, सहलवाल्यांच्या वेळेप्रमाणे नाही. बाहेरच्या कालव्यातही तेच. कोरड्या कालव्यात खेळत बसलेल्या लेकरांवर पाणी येऊ शकतं.

सलंग : पावसाळ्यातला मोह

तलाव भरला की जास्तीचं पाणी एका ठरलेल्या, थोड्या खालच्या जागेवरून वाहून जातं. ती सलंग. सलंग नसती तर पाणी पारीवरून गेलं असतं आणि मातीची पार एका रात्रीत वाहून गेली असती. म्हणजे सलंग हा तलावाचा जीव राखणारा भाग आहे.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सलंग चालू झाली की छोटा धबधबा दिसतो. पोरं मासे धरायला धावतात, मोठे मोबाईल काढतात. पाणी घोट्याएवढं वाटतं. पण वाहतं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी मोठ्या माणसाचा पाय सोडवतं, शिवाय खाली शेवाळलेला दगड असतो. सलंगीच्या पायथ्याशी पाणी पडून पडून खड्डा झालेला असतो आणि फेसाखाली तो दिसत नाही. चालती सलंग बाजूने पाहावी. तिच्यावरून गाडी किंवा दुचाकी काढू नये आणि लेकराला खांद्यावर घेऊन तर अजिबात ओलांडू नये. जंगलात तिकडे पाऊस झाला तर इकडे ऊन असतानाही पाणी वाढतं.

तलावाचं पोट : मागच्या वर्षीचा काठ यंदाचा खड्डा

“आम्ही मागच्या वर्षी इथेच आंघोळ केली होती,” हे वाक्य काठावर नेहमी ऐकू येतं आणि ते धोक्याचं आहे. मामा तलावांतला गाळ गेल्या काही वर्षांत सरकारी योजनांतून आणि शेतकऱ्यांनी स्वतःहूनही काढला आहे. हे काम गरजेचंच आहे. त्याने तलावात जास्त पाणी मावतं आणि शेताला सुपीक माती मिळते. पण उन्हाळ्यात यंत्राने जिथे गाळ किंवा मुरूम काढला तिथे सरळ काठाचे खोल खड्डे राहतात. पावसाळ्यात तलाव भरतो, खड्डे झाकले जातात. गुडघ्याएवढ्या पाण्यात चाललेलं पोर पुढच्या पावलाला दिसेनासं होतं.

दुसरी गोष्ट गाळाची. उथळ काठावर पाय मांडीपर्यंत रुततो. घाबरून पाय ओढला की दुसरा पाय आणखी खोल जातो. तिसरी गोष्ट वनस्पतींची. कमळाचे आणि इतर पाणवनस्पतींचे देठ दोरीसारखे लांब असतात. ते पायात अडकले की झटके देऊन सुटत नाहीत. गाळात रुतलेल्याने मागे रेलून अंग पाण्यावर पसरावं आणि हळूहळू पाय सोडवावेत. देठात अडकलेल्याने पाठीवर तरंगून एकेक वेढा काढावा. पण हे सांगायला सोपं आहे, घाबरलेल्या माणसाला ते जमत नाही. म्हणून अनोळखी तलावात उतरूच नये, हाच खरा उपाय.

तरी पाय भिजवायचेच असतील तर गावातल्या ढिवर बांधवाला विचारावं. पाण्याखाली काय आहे ते त्याला पाठ असतं. तो “इथं नाही” म्हणाला तर वाद घालू नये.

बुडणारं लेकरू ओरडत नाही

सिनेमात बुडणारा हात हलवतो, “वाचवा” म्हणतो. प्रत्यक्षात तसं क्वचितच घडतं. बुडणाऱ्याचं तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं. श्वास घ्यायलाच वेळ नसतो, ओरडणार कुठून? हात आपोआप बाजूला पसरून पाणी दाबत राहतात. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, पोर खेळतंय. मिनिटभरात ते खाली गेलेलं असतं.

सहलीत हे घडतं ते साधारण एकाच वेळी. बायका चुलीपाशी, पुरुष पत्त्यांत किंवा गप्पांत, पोरं पाण्याकडे. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे. यावर उपाय सोपा आहे, एक राखणदार ठरवायचा. अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी लावायची. ज्याची पाळी त्याने फक्त लेकरांकडे पाहायचं. मोबाईल खिशात, पत्ते बंद, दारू तर दिवसभर नाहीच. पाळी संपली की पुढच्याला नाव घेऊन सांगायचं, “आता तुझी.” आणि पाळी पुरुषांनीही करायची. स्वयंपाकही बाईने करायचा आणि पोरंही तिनेच सांभाळायची, तर तिचे डोळे दोन्हीकडे कसे पुरणार? त्यापेक्षा भाकरी-भाजीचे डबे घरून न्यावेत किंवा गावात जेवण सांगावं. चूल पेटवायची कटकट जाते आणि घरच्या बाईलाही सुटी मिळते.

कोणी पाण्यात पडलंच, तर क्रम लक्षात ठेवा : आधी ओरडून माणसं गोळा करा, मग लांबून हात पोहोचेल असं काही द्या, नाहीतर तरंगणारं काही फेका. काठी, बांबू, साडी, ओढणी, दोरी यातलं काहीही पुढे करता येतं. देताना स्वतः काठावर पालथं पडावं, म्हणजे ओढलं जाणार नाही. झाकण लावलेली रिकामी पाण्याची कॅन किंवा हवा भरलेली ट्यूब फेकली तर माणूस तिच्यावर तरंगतो. पोहता येत असलं तरी रिकाम्या हाताने उडी घेऊ नये. बुडणारा वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि दोघंही जातात. एकाच घरातली दोन-तीन माणसं एका वेळी जातात ती बहुतेकदा अशीच.

म्हणून निघताना गाडीत वीस-पंचवीस हात दोरी आणि पाच-दहा लिटरची झाकणाची रिकामी कॅन टाकावी. खर्च काहीच नाही.

बाहेर काढल्यावर काय करायचं?

गावोगावी अजूनही बुडालेल्याला उलटं टांगतात, खांद्यावर घेऊन फिरवतात, पोट दाबतात. हे करू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी-अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. बुडालेल्याला कमी पडलेली असते ती हवा. प्राणवायू न मिळाल्यास चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते आणि जंगलात तेवढ्या वेळात रुग्णवाहिका पोहोचत नाही. म्हणून जे करायचं ते काठावरच्या माणसांनाच करावं लागतं.

एकाने लगेच ११२ किंवा १०८ ला फोन लावावा. दुसऱ्याने माणसाला सपाट जागेवर उताणं ठेवावं, डोकं मागे करून हनुवटी वर उचलावी आणि श्वास चालू आहे का ते पाहावं. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ओले कपडे बदलावेत, अंग गरम ठेवावं. श्वास नसेल तर नाक चिमटीत धरून तोंडाने दोनदा हवा द्यावी, छाती वर येते का ते पाहावं. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून ३० वेळा जोरात दाबावं. वेग मिनिटाला १०० ते १२०, खोली मोठ्या माणसात साधारण दोन इंच. पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३० दाब. लहान लेकराला एका हाताने, तान्ह्या बाळाला दोन्ही हातांनी छाती धरून दोन अंगठ्यांनी दाबावं. मदत येईपर्यंत किंवा माणूस हालचाल करीपर्यंत थांबू नये. दमलं की दुसऱ्याने घ्यावं.

माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्यावंच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.

तो काठ कोणाचं तरी शेत आहे

ज्या पाण्यावर एक दिवस मजा केली जाते ते ढिवरांचं वर्षभराचं शेत असतं. तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. संस्था मत्स्यबीज सोडते, राखण करते, जाळं टाकते. म्हणून गळ टाकून मासे धरणं ही गंमत नसून दुसऱ्याच्या पिकावर हात टाकणं आहे. मासळी खायची असेल तर संस्थेच्या माणसाकडून ताजी विकत घ्यावी. काठाला बांधलेला डोंगाही कोणाच्या तरी रोजीचं साधन असतो. त्यात चढून फोटो काढू नयेत. डोंगा जरा कललं तरी उलटतो. नौकाविहाराची सोय असेल तिथेही लाईफ जॅकेट घातल्याशिवाय आणि पट्टे आवळल्याशिवाय बसू नये.

प्लास्टिकचे द्रोण आणि पिशव्या जाळ्यात अडकतात. साबण-पावडरचं पाणी लेकरांच्या कपड्यातून निघालं तरी ते माशांच्याच पाण्यात जातं. या भागातल्या काही तलावांत बेशरमाची झाडं माजली, पाण्यातल्या मूळच्या वनस्पती गेल्या आणि त्यासोबत मासे आणि पक्षीही घटले. अर्जुनी मोरगाव परिसरातल्या ढिवर समाजाने, त्यात बायकांनीही, चिखलात उतरून बेशरम उपटली आणि पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्या कष्टाच्या जागेवर कचरा टाकून येणं बरं नाही.

हिवाळ्यात तलावावर परदेशातूनही पाहुणे येतात. पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून येतो, चक्रवाक येतो, तलवार बदक येतं. कमळाच्या पानांवरून कमळपक्षी चालताना दिसतो. महाराष्ट्रातले बहुतेक सारस गोंदिया जिल्ह्यातच उरले आहेत. ते जोडीने राहतात आणि धानाच्या बांध्यांत, पाणथळीत घरटं करतात. सारस दिसला तर लांबूनच पाहावा. घरट्याचा फोटो जागेसह मोबाईलवर पसरवू नये, दुसऱ्या दिवशी तिथे गर्दी होते आणि पक्षी अंडी सोडून जातात.

याच तलावाच्या काठी वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी इथल्या पक्ष्यांवर आणि माणसांवर ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक लिहिलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी त्यांचं निधन झालं. रोज पाणी भरायला जाताना जो तलाव आपण पाहतो, त्यात किती काय आहे हे त्या पुस्तकातून कळतं. शाळेच्या ग्रंथालयात मिळालं तर सुटीआधी लेकरांना जरूर द्यावं.

जंगलात असताना

नवेगावला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. त्यात नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका ही जंगलं येतात. प्रकल्पाच्या आत जायचं असेल तर वनविभागाच्या गेटवरून, परवानगीने आणि गाईडसोबतच जाता येतं. पावसाळ्यात सफारी बंद असते आणि इतर वेळीही आठवड्यातून एक दिवस गेट बंद असतं, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी.

गेटबाहेरच्या तलावांवर गेलं तरी जंगल तेच. चार गोष्टी पाळाव्यात.

पहिली, आग. चूल पेटवली तर वाळक्या पानाला धग लागून वणवा पसरतो. शिवाय वर झाडाला आग्या मोहोळ असेल तर धुराने माश्या उठतात. माश्या मागे लागल्या तर हात हलवत उभं राहू नये. तोंड झाकून, लेकरू उचलून गाडीत किंवा घरात पळावं. पाण्यात उडी मारू नये.

दुसरी, साप. दगडाखाली, पाचोळ्यात हात घालू नये. संध्याकाळनंतर टॉर्चशिवाय चालू नये. मुक्काम असेल तर जमिनीवर झोपू नये, मच्छरदाणी खोचून झोपावं. मण्यार रात्री अंथरुणात येतो आणि त्याचा दंश कित्येकदा जाणवतही नाही. मच्छरदाणीने हिवतापापासूनही बचाव होतो. साप चावलाच तर कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. हात-पाय स्थिर ठेवून सरळ ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावं. विषावर औषध दवाखान्यातच असतं.

तिसरी, हत्ती. २०२१ मध्ये छत्तीसगडकडून गडचिरोलीत आलेला रानहत्तींचा कळप पुढे अर्जुनी मोरगाव भागातही आला. हत्ती आल्याची दवंडी किंवा वनविभागाचा मेसेज आला तर सहल पुढे ढकलावी. हत्ती पाहायला गाडी घेऊन जाणं म्हणजे जीव धोक्यात घालणं.

चौथी, मोबाईल. जंगलात रेंज येते-जाते. निघताना घरी राहणाऱ्याला ठिकाणाचं नाव आणि परतायची वेळ सांगावी, नकाशा आधीच डाऊनलोड करून ठेवावा. आपल्या सिमची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल तर ११२ ला फोन लागू शकतो. रेंज कुठल्या वळणावर येते हे पोहोचल्या पोहोचल्या पाहून ठेवावं. ऐन वेळी ते शोधत बसायला नको.

दिवस कसा आखायचा?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. नवेगावबांधला यायला रस्त्याने राष्ट्रीय महामार्गावरच्या कोहमाऱ्याहून वळावं, रेल्वेने गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं देवलगाव स्टेशन जवळ पडतं. सकाळी लवकर पोहोचलं की धुकं उठताना पक्षी भरपूर दिसतात. दुपारचं जेवण पाण्यापासून लांब, झाडाखाली. जेवणानंतर मोठ्यांना डुलकी लागते, तेव्हा राखणदाराची पाळी सगळ्यात महत्त्वाची. दुपारनंतर जवळच्या इटियाडोह धरणाकडे किंवा प्रतापगडाला जाता येतं. गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहतही आहे. सूर्य कलला की जंगलातून निघावं. संध्याकाळी प्राणी रस्त्यावर येतात आणि सगळ्यांनाच घरी पोहोचायची घाई असते.

गावात जेवण, चहा, मासळी, मुक्काम यावर खर्च केलेला पैसा तलाव राखणाऱ्या माणसांच्याच हाती जातो. पाहुणे नीट वागले तर गाव त्यांना बोलावतं. नासधूस झाली तर गाव रस्ता बंद करतं, आणि त्यात गावाची चूक नसते.

घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा

• पारीच्या आतल्या उतारावर, तुडूमपाशी आणि चालत्या सलंगीवर कोणीही उतरायचं नाही.
• “मागच्या वर्षी इथे उथळ होतं” यावर भरवसा नाही. गाळाचे खड्डे दिसत नाहीत.
• अर्ध्या तासाची राखणदाराची पाळी, मोबाईल खिशात.
• गाडीत दोरी आणि झाकणाची रिकामी कॅन.
• कोणी बुडत असेल तर काठी द्या, कॅन फेका, उडी नको.
• बाहेर काढल्यावर उलटं टांगू नका. श्वास द्या, छाती दाबा, ११२ किंवा १०८.
• तलावावर दारू नाही, चूल नाही, साबण नाही. कचरा पिशवीत भरून घरी परत.